पाहुण्याच्या हातून साप?

विदर्भानं रणजी करंडक आजवर तीनदा जिंकला. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. आणि तिन्ही वेळा, अगदी न चुकता, मला दोन वाक्यं ऐकून घ्यावी लागली आहेत. पहिलं पुण्याहून, आमच्या भाऊजींचं. "भाड्याचं तट्टू आणून शर्यत जिंकलीत, त्यात तुमचं काय?" दुसरं घरातूनच, यवतमाळातून, आमच्या दादाचं. "काहून आनते बाप्पा बाहेरचे? आपल्या पोराइची जागा खाल्ली ना त्याइनं!"

गंमत बघा. दोघंही एकाच माणसाबद्दल बोलत असतात. आधी तो माणूस वसीम जाफर होता, मग करुण नायर झाला. भाऊजींच्या मते पाहुण्यानं सगळं केलं म्हणून विजय आपला नाही. दादाच्या मते पाहुण्यानं सगळं खाल्लं म्हणून विजय आपला नाही. थोडक्यात काय, पाहुण्याच्या हातून साप मारला, आता मिरवता कशाला!

फोनवर भाऊजींशी वाद घालण्यात अर्थ नसतो (ते मध्येच "बरं, पाऊस काय म्हणतो तिकडे?" असं विचारून विषय बदलतात), आणि दादासमोर आवाज चढवायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून इथे लिहितोय. दोघंही वाचतात हे मला पक्कं ठाऊक आहे. :)

आधी आत्यासाठी आणि ज्यांना क्रिकेटमधलं फारसं कळत नाही अशा मंडळींसाठी दोन ओळी. आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो, अदलाबदल होते, ते सगळ्यांना माहीत आहे. रणजीत तसा उघड बाजार नाही. पण एका राज्याचा खेळाडू आपल्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्याकडून खेळू शकतो. त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतात आणि एका संघाला असे जास्तीत जास्त तीन घेता येतात. त्याचं मानधन ठरतं, मुदत ठरते. म्हणजे सौदाच की. आणि सौदा म्हटला की तो परवडला का हा प्रश्न आलाच. प्रश्न रास्त आहे. माझं भांडण हिशोब करण्याच्या पद्धतीशी आहे.

आता जाफरपासून सुरुवात करू.

विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळतोय. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. बाहेरचे संघ नागपूरला यायचे ते गुण गोळा करायला. २०१५-१६ मध्ये जाफर मुंबई सोडून इकडे आला. तेव्हा त्याची सदतिशी उलटली होती आणि भारतीय संघाचं दार कधीच बंद झालं होतं. पुढचा २०१६-१७ चा मोसम तो दुखापतीमुळे खेळलाच नाही. त्या वेळी हिशोब मांडला असता तर काय दिसलं असतं? एक म्हातारा घोडा, त्यावर झालेला खर्च आणि समोर शून्य धावा. भाऊजींनी तेव्हा फोन केला असता तर मला बोलायला तोंड नव्हतं.

पण पुढे काय झालं? न खेळलेल्या मोसमाचे पैसे आपल्याला मिळाले ही गोष्ट त्या माणसानं लक्षात ठेवली, आणि २०१७-१८ मध्ये तो मानधन न घेता खेळला. सौदा सौदा म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आणि मोसम कसला! कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवलं, मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता. विजयी चौकार जाफरचाच.

आता भाऊजी, कागद-पेन घ्या. त्या मोसमात जाफरच्या धावा ५९५. चांगल्याच आहेत. पण कर्णधार फैज फजलच्या ९१२ होत्या. संजय रामास्वामीही जाफरच्या पुढे होता. उपांत्य सामन्यात १२ बळी घेतले ते रजनीश गुरबानीनं, आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिकही त्यानंच केली. त्याच अंतिम सामन्यात शतक ठोकलं ते अक्षय वाडकरनं. ही सगळी विदर्भातच घडलेली पोरं. तट्टू कुठल्या बाजूला पळत होतं?

पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, मात्र जाफर खरंच सगळ्यांच्या पुढे होता. १०३७ धावा, वयाच्या चाळिशीत! त्याआधी इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६ केल्या होत्या, ते वेगळंच. पण सौराष्ट्राविरुद्धचा अंतिम सामना आठवा. नागपूर, फेब्रुवारी २०१९. जाफरला त्या सामन्यात मोठी खेळी जमली नाही. पहिल्या डावात आपली गाडी अडखळत होती तेव्हा शेपटाला हाताशी धरून नाबाद ७३ करणारा पोरगा कोण होता? अक्षय कर्णेवार. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा! दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. आणि मग आदित्य सरवटेनं दोन डावांत मिळून ११ बळी घेतले. सामना ७८ धावांनी आपला. त्यानंतर लगेचच्या इराणी सामन्यात कर्णेवारनं शतकही केलं.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये याच कर्णेवारनं मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. एकही धाव न देता चार षटकांचा कोटा पूर्ण करणारा पुरुषांच्या टी-ट्वेंटीतला तो पहिला गोलंदाज. आपल्या गावात किती जणांना हे माहीत आहे? हार्दिक पांड्याच्या घड्याळाची किंमत मात्र सगळ्यांना पाठ. असो.

माझं म्हणणं असं की जाफर नावाच्या सौद्याचा परतावा ५९५ मध्ये किंवा १०३७ मध्ये शोधाल तर अर्धाच सापडेल. ज्या ड्रेसिंग रूमनं कधी अंतिम सामनाच पाहिला नव्हता, तिथे मुंबईकडून अनेकदा रणजी जिंकलेला माणूस शांतपणे पॅड बांधत बसलेला असणं, याचा परतावा शेजारी बसलेल्या पोरांच्या खात्यात जमा होतो. आपल्याकडे शेतात नवी बैलजोडी जुंपायची तर एक मुरलेला बैल आणि एक गोऱ्हा असं जुंपतात. तासं किती झाली ते बघायचं खरं, पण पुढच्या वर्षी गोऱ्हा एकटा सरळ चालतो का, तेही बघायचं.

आता करुण.

करुण नायर म्हणजे कसोटीत त्रिशतक करूनही विस्मरणात गेलेला माणूस. डिसेंबर २०१६, चेन्नई, इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. त्यानंतर काही महिन्यांत भारतीय संघातून बाहेर, आणि २०२२ मध्ये खुद्द कर्नाटकाच्या संघातूनही बाहेर. क्रिकेटनं मला आणखी एक संधी द्यावी, अशी जाहीर विनवणी करायची वेळ त्याच्यावर आली. २०२३-२४ ला विदर्भानं त्याला घेतलं. पहिल्या मोसमात ६९० धावा. अंतिम फेरी गाठली, वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरलो. दुसऱ्या मोसमात ८६३ धावा, चार शतकं. मधल्या विजय हजारे स्पर्धेत तर कहरच. एकदाही बाद न होता ५४२ धावा, एकूण ७७९, पाच शतकं. (सरासरी ३८९.५०. छपाईची चूक वाटते ना? नाहीये.)

आणि शेवटी रणजीचा अंतिम सामना, जामठा, २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५, समोर केरळ. आपले ३ बाद २४. तिथून करुण आणि २१ वर्षांचा दानिश मालेवार यांनी २१५ धावा जोडल्या. करुण ८६ वर धावचीत झाला, तोही दानिशशी झालेल्या गोंधळात. अशा वेळी एखादा ज्येष्ठ माणूस पोराला डोळ्यांनीच खाईल. पोरगा मात्र १५३ करून परतला. दुसऱ्या डावात परत तीच जोडी, करुण १३५, दानिश ७३. सामना अनिर्णित, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपला.

भाऊजी म्हणतील, बघ, ३७ ची आघाडी आणि करुणच्या ८६. तो नसता तर? नसता तर बहुधा हरलो असतो. हे मी अगदी मोकळेपणानं म्हणतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? माणूस कामाचा होता म्हणूनच तर आणला! पण मग बाकीचेही मोजा. यश राठोडच्या त्या मोसमात ९६० धावा, म्हणजे करुणपेक्षा जास्त. मुंबईला उपांत्य सामन्यात ८० धावांनी हरवलं तेव्हा दुसऱ्या डावात १५१ त्याच्याच. हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीच्या एका मोसमातले आजवरचे सर्वाधिक. त्या हर्षला कुठून भाड्यानं आणला होता म्हणे?

आणि एक मजा सांगतो. त्याच अंतिम सामन्यात केरळकडून ७९ धावा करून आपल्याला घाम फोडणारा कोण होता? आदित्य सरवटे! २०१९ चा आपला हिरो. तो २०२४-२५ मध्ये केरळचा पाहुणा होता. म्हणजे आपण पाहुणे आणतो तसे आपलेही पाहुणे म्हणून जातात. जितेश शर्मा, आपला अमरावतीचा, पुढे बडोद्याला गेला. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला, म्हणजे भाऊजी, थेट तुमच्या पुण्याला! त्या वेळी तट्टू वगैरे शब्द कुठे गेले होते?

आता खरी परीक्षा. २०२५-२६ ला करुण परत कर्नाटकात गेला. तोवर त्याला भारतीय संघात पुन्हा जागा मिळाली होती, २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कसोटी खेळूनही झाल्या होत्या. आमच्या ओळखीतले कित्येक जण करवादले, "काम झालं, पाखरू उडालं." अहो, उडणारच! आपण त्याला दत्तक थोडंच घेतलं होतं? त्याला धावा काढायला मैदान हवं होतं, आपल्याला मधल्या फळीत खांब हवा होता. दोघांचंही भागलं. असा सौदा कापसाच्या बाजारात एकदा जरी झाला तरी आपण गावभर पेढे वाटू.

करुण गेल्यावर घर कोसळलं का? सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य विभागानं दुलीप करंडक जिंकला. त्या स्पर्धेत दानिशनं द्विशतक केलं आणि अंतिम सामन्यात यश राठोडनं १९४. ऑक्टोबरमध्ये विदर्भानं नागपूरला शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक जिंकला. अथर्व तायडे १४३, यश राठोड ९१. जानेवारी २०२६ मध्ये विजय हजारे करंडक, विदर्भाच्या इतिहासात पहिल्यांदा! उपांत्य सामन्यात हरवलं ते कर्नाटकालाच, अमन मोखाडेच्या १३८ धावांच्या जोरावर. अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध अथर्वच्या १२८. आदल्या वर्षी याच स्पर्धेत करुणनं ७७९ धावा केल्या होत्या आणि आपण अंतिम सामना हरलो होतो. तो गेला, आणि आपण जिंकलो.

यावरून कुणी म्हणेल की म्हणजे करुण नकोच होता. उलटं आहे! ज्यांनी तो करंडक जिंकला, त्यांतले बरेच जण आधीची दोन वर्षं त्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. (आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर दिल्लीहून आलेला ध्रुव शोरी अजून संघात होताच. पाहुण्यांशिवायचा विदर्भ असं काही मी म्हणत नाहीये.)

जगात याहून मोठं उदाहरण बर्फावरच्या हॉकीचं आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये कॅनडातल्या एडमंटन संघानं वेन ग्रेट्झ्की हा आपला देवच लॉस एंजेलिसला देऊन टाकला. बदल्यात काही खेळाडू आणि दीड कोटी डॉलर. एडमंटनमध्ये लोक रडले. दोनच वर्षांत, १९९० साली, एडमंटननं त्याच्याशिवाय करंडक जिंकला. लॉस एंजेलिसला मात्र तो असेपर्यंत एकदाही जिंकता आलं नाही. मग लॉस एंजेलिसचा सौदा फसला? करंडक मोजाल तर फसला. पण त्या कॅलिफोर्नियात त्याच्या येण्यामुळे लोक हॉकी बघायला लागले, १९९१ आणि १९९३ मध्ये आणखी दोन संघ उभे राहिले. एका माणसानं एका गावाला एक खेळ लावून दिला. याला काय भाव लावणार?

आणि उलट्या बाजूला आपल्याच घरातला सौदा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सनं हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणलं आणि रोहितला बाजूला करून कर्णधार केलं. कागदावर काय दणदणीत सौदा! २०२४ मध्ये चौदापैकी चार सामने जिंकले, दहा संघांत दहावे. वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. हार्दिकच्या खेळात खोट होती असं नाही. पाहुण्याला आल्या आल्या घरच्या वडीलमाणसाच्या पाटावर बसवलं, तिथे घास अडकला. जाफर असताना विदर्भानं दोन्ही रणजी करंडक जिंकले तेव्हा कर्णधार फैज फजलच होता. करुण असताना रणजीत अक्षय वाडकरच राहिला. हा शहाणपणा मला धावांपेक्षा मोठा वाटतो.

इथवर भाऊजींचं झालं. आता दादा.

दादा, तुझं वाक्य मी हसण्यावारी नेत नाही, कारण ते कुठून येतं ते मला माहीत आहे. पुतण्या लेगस्पिन टाकायचा. पोस्टल ग्राउंडवर त्याचा चेंडू वळताना बघायला मोठी माणसं थांबायची. चौदाव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत तू त्याला पहाटेच्या एस.टी.नं नागपूरला नेत होतास. दीडशे किलोमीटर जायचं, दहा-बारा चेंडू टाकायचे आणि दीडशे किलोमीटर परत. एकोणिसाव्या वर्षी तो थांबला. आता कृषी केंद्रात बसतो, चांगलं चाललंय. पण टीव्हीवर रणजी लागली की तो उठून आत जातो, हे मीही पाहिलंय.

म्हणून तुला विचारतो, त्याची जागा करुण नायरनं खाल्ली का रे? करुण मधल्या फळीतला फलंदाज. आपला पोरगा लेगस्पिनर. पाहुणे तीन, संघ अकरांचा. उरलेल्या आठ जागा होत्याच की. आपल्या पोरानं उमेदीची सगळी वर्षं मॅटवर गोलंदाजी केली, आणि टर्फच्या खेळपट्टीवर पहिल्यांदा चेंडू टाकला तो थेट निवड चाचणीत. मॅटवर हातभर वळणारा चेंडू तिथे वळेना, उसळेना. दहा-बारा चेंडूंत माणूस काय शिकणार? समोरचा शहरातला पोरगा लहानपणापासून त्याच मातीत खेळलेला. जागा गेली ती त्या मातीपायी. पाहुणा तर त्या चित्रात कुठेच नव्हता.

आणि पाहुणे बंद केले म्हणून यवतमाळात, वणीत, पुसदला, उमरखेडला टर्फ उगवणार आहे का? ती जागा नागपुरातल्याच चौथ्या पोराला मिळेल. मग आपण त्याच्या नावानं बोटं मोडू.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे, आणि त्यासाठी भांडायला मी तयार आहे. पाहुणे खुशाल आणा. पण तीन अटी घाला. एक, जिथे घरचा पोरगा अजून तयार नाही तिथेच आणा. दोन, घरचा तयार झाला की नारळ-टॉवेल देऊन पाहुण्याला सन्मानानं निरोप द्या. आणि तीन, ही माझी लाडकी अट, मोसमातले निदान पंधरा दिवस त्यानं जिल्ह्यांत घालवावेत, असं करारातच लिहा. दोन दिवस यवतमाळ, दोन दिवस वाशीम, दोन दिवस गडचिरोली. जाफरच्या शेजारी बसून कर्णेवार शिकला, कारण तो त्या खोलीपर्यंत पोचला होता. जे पोचतच नाहीत, त्यांच्यापर्यंत पाहुण्यानं यायला काय हरकत आहे? आपल्याकडे लग्नातला पाहुणासुद्धा जाताना लेकराच्या हातावर काहीतरी ठेवून जातो.

तर भाऊजी, सौदा परवडला. एकदा नाही, दोनदा. आणि दादा, सौदा परवडला, पण त्याचा वाटा आपल्या जिल्ह्यापर्यंत पुरेसा पोचला नाही, हे तुझं दुःख खरं आहे. फक्त राग चुकीच्या माणसावर काढू नकोस.

ता.क. - पुतण्यानं हल्ली रविवारी सकाळी कॉलनीतल्या सहा-सात पोरांना लेगस्पिन शिकवायला सुरुवात केली आहे. मैदानाच्या कडेला त्यानं स्वतः पाणी मारून, रोलर फिरवून काळ्या मातीचा बावीस यार्डांचा एक पट्टा केला आहे. पावसाळ्यात त्याचं काय होणार देव जाणे. ज्यांना जुने पॅड, ग्लोव्हज, चेंडू द्यायचे असतील त्यांनी माझ्याकडे द्या, मी पोचवतो. भाऊजी, तुमची ती माळ्यावरची बॅट सुद्धा!